ठोकळे रंगाने नव्हे, आकाराने वेगळे करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत प्रौढांच्या छंदांवर लेख आला आणि त्यात लेगो या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे मोठे संच बांधणाऱ्यांची दखल घेतली गेली, हे वाचून बरे वाटले. मात्र लेखासोबतच्या चौकटीत नवशिक्यांना जो सल्ला दिला आहे, त्यातल्या तीन गोष्टी चुकीच्या आहेत. सगळ्या पिशव्या एकदम फोडून भाग रंगानुसार वेगळे करावेत, बांधून झाल्यावर गोंद लावून पक्के करावे आणि खिडकीशी भरपूर उजेडात मांडून ठेवावे, असे त्यात म्हटले आहे. पाच-दहा हजार भागांचा संच समोर घेऊन बसलेल्या माणसाने हे तंतोतंत पाळले, तर पहिल्या सल्ल्यापायी काम अर्ध्यावर सुटते, दुसऱ्यापायी दुरुस्तीची वाट बंद होते आणि तिसऱ्यापायी पांढरा ठोकळा पिवळा पडतो. आपल्याकडे हे संच आधीच महाग पडतात. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के झाले. एवढा पैसा घालून आणलेला खोका माळ्यावर अर्धवट पडून राहू नये, म्हणून हा छंद करणारे आम्ही काही वाचक हे पत्र जरा तपशिलात लिहीत आहोत.

आधी पिशव्यांचे बोलू. लेगोच्या टायटॅनिकमध्ये (संच क्रमांक १०२९४, वर्ष २०२१) ९,०९० भाग आहेत. आयफेल टॉवरमध्ये (१०३०७, २०२२) १०,००१, तर रोमच्या कलोसियममध्ये (१०२७६, २०२०) ९,०३६. एवढ्या ढिगातून भाग शोधावेत अशी कंपनीचीही अपेक्षा नाही. म्हणूनच भाग टप्प्याटप्प्याने वाटून पिशव्यांवर क्रमांक छापलेले असतात. पुस्तिकेत ज्या पानावर पिशवीचे चित्र आणि तिचा आकडा येईल, तिथे त्या आकड्याच्या सगळ्या पिशव्या फोडायच्या. एकाच आकड्याच्या दोन-तीन पिशव्या असू शकतात, आणि मोठ्या पिशवीच्या पोटात बारीक भागांची बिनक्रमांकाची छोटी पिशवी असते, तीही काढायची. रिकामी पिशवी फेकण्याआधी कात्रीने उभी कापून आत पाहावे. विशेषतः आता येणाऱ्या कागदी पिशव्यांच्या तळाच्या घडीत एखादी चपटी टाइल हमखास चिकटून राहते. टप्पा पुरा होईपर्यंत पिशव्या केरात टाकूच नयेत.

क्रमांकाप्रमाणे जाण्याचा खरा फायदा शोधाशोध वाचण्यापेक्षाही मोठा आहे. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी हिशेब जुळतो की नाही ते कळते. पिशव्या वजनावर तपासून भरल्या जातात आणि अगदी हलक्या भागांची मोजणी वजनाने चोख होत नाही, म्हणून एक बाय एकच्या (माप स्टडमध्ये, म्हणजे ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांत, मोजतात) प्लेटा म्हणजे पातळ ठोकळे, टाइली, भाग जोडायच्या छोट्या पिना असे एक-दोन भाग जादाच घातलेले असतात. ते उरले तर बिनघोर डबीत टाकावेत. पण दोन बाय चारची प्लेट, एखादा ॲक्सल (चाके-गिअर बसवायचा दांडा), उतरता ठोकळा असे काही ताटात शिल्लक दिसले, की पुढची पिशवी फोडायची नाही. मागे जाऊन तो भाग कुठे लागायचा होता ते शोधायचे. त्या वेळी फार तर वीस-तीस पायऱ्या तपासाव्या लागतात. सगळ्या पिशव्या एकत्र ओतलेल्या असतील तर ही खूण कधी मिळतच नाही. चूक तीन पुस्तिका पुढे गेल्यावर, छत बसेनासे झाले की उघडी पडते, आणि बहुतेक जण संच सोडून देतात ते तिथेच.

आता रंगाची गोष्ट. रंगाने वेगळे करणे सोपे वाटते, कारण डोळ्याला रंग पटकन दिसतो. आणि नेमक्या त्याच कारणासाठी ते करायचे नसते. मिसळलेल्या ढिगात लाल प्लेट आपोआप डोळ्यांत भरते, तिला वेगळी काढण्याचे कष्ट वाया जातात. उलट सगळे लाल एकत्र केले, की त्या लाल ढिगात दोन बाय तीनची प्लेट, दोन बाय तीनची टाइल आणि दोन बाय चारची प्लेट एकमेकांत मिसळून जातात, कारण एका रंगात कडा दिसत नाहीत. काळ्या ढिगात तर हात घालूनच शोधावे लागते. म्हणून आकाराने वेगळे करावे आणि रंग शोधायचे काम डोळ्यांवर सोडावे. ताजमहालच्या संचाचे उदाहरण घ्या. तो २००८ साली पहिल्यांदा आला (१०१८९) आणि २०१७ साली १०२५६ या क्रमांकाने पुन्हा निघाला. त्यात ५,९२३ भाग, आणि बाहेरून दिसणारे जवळजवळ सगळे पांढरे. तो रंगाने वेगळा करायला बसलात तर पांढऱ्याचा एक डोंगर आणि बाकीच्यांच्या चार मुठी एवढेच हाती येते.

आमची वाटणी अशी असते. ठोकळे एका ताटात. प्लेटा दोन ताटांत, एक स्टड रुंदीच्या वेगळ्या आणि दोन किंवा जास्त रुंदीच्या वेगळ्या. टाइली, म्हणजे वर स्टड नसलेल्या गुळगुळीत प्लेटा, त्यांच्यापासून लांब. उतरते आणि कमानीचे भाग एकत्र. बिजागऱ्या, क्लिपा, दांड्या एकत्र. पिना आणि ॲक्सल एकत्र. एक बाय एकचे सगळे मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांत. घरातली स्टीलची ताटे यासाठी उत्तम, त्यांच्या काठामुळे भाग घरंगळत नाहीत आणि चकचकीत तळावर काळा भागही दिसतो. टप्प्यात तीनशेच्या आसपास भाग असतील तर एवढी वाटणी पुरे. त्याहून बारीक करत बसलात तर वाटणीतच संध्याकाळ जाते. दोन ताटे कायम रिकामी ठेवावीत, पैकी एक चालू पायरीचे भाग मोजून काढून ठेवायला. पुस्तिकेत प्रत्येक पायरीच्या चौकटीत कोणता भाग किती नग ते दिलेले असते. ते आधी मोजून ताटात घ्यायचे आणि मगच जोडायला सुरुवात करायची. पायरी संपली आणि ताटात काही राहिले तर चूक जागच्या जागी कळते. वेळेचा अंदाज हवा असेल तर सवयीच्या हाताला तासाला साधारण २५० भाग धरावेत. म्हणजे टायटॅनिकला ३५-४० तास. रोज तास-दीड तास बसणाऱ्याने महिनाभराचे काम समजूनच टेबल अडवावे.

उजेडाकडेही लक्ष हवे. पिवळ्या दिव्याखाली पांढरा आणि फिकट राखाडी, काळा आणि गडद निळा, गडद तपकिरी आणि काळा यांत फरक कळत नाही, आणि पुस्तिकेच्या छपाईत तर तो आणखी कमी असतो. डोक्यावरच्या ट्यूबखेरीज बाजूने येणारा पांढऱ्या प्रकाशाचा टेबलदिवा ठेवावा, म्हणजे स्टडची सावली पडून ते मोजता येतात. नव्या पुस्तिकांत त्या पायरीला लागलेल्या भागांभोवती रंगीत रेघ काढलेली असते. तिचा नेहमी उपयोग करावा. आतल्या भागात मध्येच निळा, हिरवा, पिवळा असा भलताच रंग येतो तेव्हा अनेकांना पिशवी चुकली असे वाटते. पिशवी चुकलेली नसते. तो भाग पुढे झाकला जाणार असतो, आणि बांधणाऱ्याला दिशा व जागा चटकन ओळखता यावी म्हणून रचनाकार मुद्दाम उठून दिसणारा रंग घालतात. तो बदलून पांढरा बसवू नये, पुढच्या पानावर तीच खूण धरून मोजायचे असते.

दाब देण्याबद्दल कोणी फारसे सांगत नाही, आणि सर्वांत जास्त बिघाड होतो तो त्यातूनच. या पद्धतीची मापे नक्की आहेत : दोन स्टडच्या मध्यांमधले अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६, प्लेटची ३.२. म्हणजे तीन प्लेटा मिळून एक ठोकळा, आणि पाच प्लेटा मिळून बरोबर १६ मिलिमीटर, म्हणजे दोन स्टडची रुंदी. वरचा स्टड आणि खालची नळी यांच्या पकडीची ही रचना डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या या कंपनीने २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदवली, आणि त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. एवढ्या अचूक मापांत एखादी प्लेट अर्धवट दाबली गेली आणि केसाएवढी फट राहिली, तर एका थरात काही कळत नाही. तीस थरांनंतर मात्र भिंतीचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा उंच होतो आणि वरची कमान दोन्ही खांबांवर एकाच वेळी बसत नाही. त्यामुळे लांब प्लेट मधोमध दाबून सोडू नये. एका टोकाला बसवून अंगठा हळूहळू दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत न्यावा, प्रत्येक स्टडला बारीकसा टक् आवाज आला पाहिजे. काम कडक, सपाट टेबलावर करावे. गादीवर, सोफ्यावर, मांडीवर सोळा बाय सोळाची प्लेट वाकते आणि एका बाजूला बसवलेले दुसऱ्या बाजूला उचकटते. टेबलावर पातळ चादर अंथरली तर निसटलेला भाग उडून लांब जात नाही. थर झाल्यावर नजर टेबलाच्या पातळीला आणून आडवे पाहावे, पांढऱ्यात फट काळ्या रेघेसारखी दिसते.

आडव्या दिशेने लावलेल्या भिंतींत पाचास दोनचे हे प्रमाण फार कामाचे असते. ठोकळ्याच्या बगलेला असलेल्या स्टडवर प्लेटा उभ्या लावल्या जातात, आणि त्यांची जाडी आतल्या पोकळीशी जुळावी लागते. मागे एखादी प्लेट राहून गेली असेल तर उभा भाग ३.२ मिलिमीटर आत जातो किंवा बाहेर येतो. अशी बरोबर एका प्लेटएवढी पायरी दिसली तर दाब वाढवून काही होणार नाही. मागे जाऊन राहिलेली प्लेट शोधणे एवढाच उपाय.

ताजमहाल, कलोसियम, आयफेल टॉवर यांत तोच भाग पुन्हा पुन्हा बांधावा लागतो. ताजमहालला चार दर्शनी बाजू आणि चार मिनार. पुस्तिकेत शेजारी ‘४×’ असे लिहिलेले असते. चारही एकदम, पायरीपायरीने बांधायचा मोह होतो, पण पहिला मिनार संपूर्ण बांधून त्याच्या जागेवर बसवून पाहावा. बसला, वर-खाली मोकळा निघाला, की मग उरलेले तीन एकत्र करायला हरकत नाही. चारही एकदम केले आणि तिसऱ्या पायरीला एक स्टड बाजूला लागला असेल, तर चुका चार होतात. या कामाचा कंटाळा येतो हे खरे आहे. म्हणून एका बैठकीत दोन बाजूंपेक्षा जास्त करू नयेत. थकलेला हात टाइलच्या जागी प्लेट लावतो आणि त्याला ते कळतही नाही.

काढण्यासाठी संचासोबत नारिंगी रंगाचे छोटे अवजार येते, ब्रिक सेपरेटर. त्याचे सपाट टोक स्टडवर बसवून दांडा खाली दाबला की वरचा भाग सुटतो. दोन प्लेटा एकमेकींवर घट्ट बसल्या असतील तर एक सेपरेटर वरून आणि एक खालून लावून दोन्ही दांडे एकमेकांकडे दाबावेत. म्हणून घरात दोन असावेत. त्याच्या पातळ धारेने टाइल उचलता येते आणि मागच्या बाजूच्या छोट्या ॲक्सलने भोकातली अडकलेली पिन ढकलून काढता येते. दात आणि सुरी कधीच वापरू नये. दातांचे व्रण चकचकीत पृष्ठभागावर कायमचे राहतात, आणि सुरी ठोकळ्यावरून घसरली की बोट कापते.

टायटॅनिकसारख्या संचात यंत्रणा बंद होण्याआधी तपासणे हे स्वतंत्र काम आहे. या जहाजाचे पंखे फिरवले की आतल्या इंजिनाचे दट्टे हलतात. सांगाडा तीन तुकड्यांत असतो आणि ही जोडणी जहाजाच्या पोटातून जाते. बाजूचे पत्रे लावण्यापूर्वी पंखा दोन्ही दिशांना दहा-बारा वेळा फिरवून पाहावा. कुठे दाटते आहे असे वाटले तर तिथेच थांबावे, कारण नंतर ती जागा उघडायची म्हणजे अर्धे जहाज उकलायचे. डोलकाठ्यांमधले दोर अगदी शेवटी, हळूहळू ताणावेत. ते फार ओढले तर काठ्या वाकतात. आणि हे सगळे सुरू करण्याआधी फळी मोजा. बांधलेले टायटॅनिक १३५ सेंटिमीटर लांब होते. बहुतेक घरांतल्या शोकेसला मध्ये उभी फळी असते, तिथे ते मावत नाही. आयफेल टॉवर १४९ सेंटिमीटर उंच आणि तळाला ५७ बाय ५७. ताजमहालला साधारण ५१ सेंटिमीटरचा चौरस लागतो. हलवताना वरच्या भागाला धरून उचलू नये. टायटॅनिक तीन तुकड्यांत आणि आयफेल चार मजल्यांत सुटते, ते तसेच सोडून न्यावे.

टेक्निक या प्रकारचे संच म्हणजे गिअर, ॲक्सल आणि पिना. इथे स्टडचा दाब फारसा कामी येत नाही, माप कामी येते. बुगाटी शिरॉन (४२०८३, २०१८, ३,५९९ भाग) किंवा लिबहेरचे उत्खनन यंत्र (४२१००, २०१९, ४,१०८ भाग, सात मोटरी) यांत सर्वाधिक लोक अडकतात ते गिअरबॉक्समध्ये. ॲक्सलची लांबी स्टडमध्ये मोजतात. ५ लांबीचा ॲक्सल साधारण ४० मिलिमीटर. पुस्तिकेत ॲक्सलचे चित्र खऱ्या मापाचे असते, त्यावर ठेवून पाहावे, नजरेने ठरवू नये. बहुतेक संचांत सम लांबीचे काळे आणि विषम लांबीचे राखाडी असतात, पण याला अपवाद आहेत. पिनांचा रंग तर निव्वळ शोभेचा मुळीच नाही. काळी पिन भोकात घट्ट बसते, तिच्यासारखीच दिसणारी राखाडी पिन मात्र सैल फिरते. निळी ॲक्सल-पिन घट्ट, फिकट तपकिरी सैल. जिथे काहीतरी फिरायचे आहे तिथे काळी लावली तर ते यंत्र शेवटी मोटर चालू केल्यावर कण्हते आणि थांबते. दोष मोटरला दिला जातो.

गिअरचे गणित एकदा समजून घेतले की अर्ध्या शंका मिटतात. लेगोच्या साध्या गिअरमध्ये दातांची संख्या निम्मी केली की मिलिमीटरमधली त्रिज्या मिळते. ८ दाती गिअरची त्रिज्या ४, २४ दातीची १२. बेरीज १६ मिलिमीटर, म्हणजे दोन भोकांचे अंतर. ८ आणि ४० दाती मिळून २४ मिलिमीटर, म्हणजे तीन भोके. १२ आणि २० दाती मिळून पुन्हा दोन भोके, २० आणि २८ मिळून तीन, १२ आणि ३६ मिळूनही तीन. तेव्हा एखादी जोडी दातात दात न घालता एकमेकींवर चढत असेल किंवा मध्ये फट राहत असेल, तर दात मोजा. एकतर २० च्या जागी २४ लागला आहे, नाहीतर ॲक्सल एक भोक बाजूला गेला आहे. हाताने ढकलून तो ‘बसवायचा’ नसतो.

गिअरबॉक्सचा प्रत्येक टप्पा झाला की मुख्य ॲक्सल दोन बोटांनी फिरवून पाहावा. तो अडखळत असेल तर कारणे सहसा तीनच. ॲक्सलवरचा बुश (ॲक्सल जागेवर धरणारी छोटी नळी) चौकटीला चिकटेपर्यंत दाबला गेला आहे, तो कागद सरकेल इतका मागे घ्यावा. चौकटीतली एखादी पिन अर्धी आत आहे, त्यामुळे दोन बाजू समांतर नाहीत आणि ॲक्सल तिरका पडला आहे. किंवा गिअर बदलणारी कडी मधोमध उभी आहे आणि दोन्ही बाजूंचे गिअर एकदम पकडते आहे. शेवटचे तपासायला प्रत्येक गिअर टाकून दोन्ही दिशांना फिरवावे. डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) लागले की एक चाक धरून दुसरे फिरवावे, ते मोकळे फिरले पाहिजे. हे सगळे पुस्तिकेत लिहिलेले नसते. पण अंगावरचे पत्रे चढवल्यानंतर आठ गतींपैकी एकच गती लागत नाही असे कळले, तर मागे यायला दोन-तीन संध्याकाळी लागतात.

भाग खरोखरच हरवला तर काय करायचे? आधी त्याचे जुळे भाऊ तपासावेत, म्हणजे त्याच्यासारखाच दिसणारा भाग आपण चुकून कुठे लावला आहे का ते पाहावे. दहापैकी आठ वेळा उत्तर तिथे सापडते. मग टेबलाखाली. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर जुना पायमोजा ताणून बांधला तर धूळ आत जाते आणि भाग मोज्यावर अडकतो. केर काढणाऱ्या ताईंना छोटे तुकडे बाजूला ठेवायला आधीच सांगून ठेवावे. घरात तीन वर्षांखालील मूल असेल तर हे शोधणे वैकल्पिक नाही, एक बाय एकचा भाग गिळला जाऊ शकतो. तरीही सापडला नाही तर पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर प्रत्येक भागाचे चित्र आणि क्रमांक असतो. तो आणि संचाचा क्रमांक देऊन कंपनीच्या संकेतस्थळावर भाग मागता येतो. जुना, वापरलेला संच विकत घेताना मात्र ही यादी आधी पुढ्यात घ्यावी. एकाच प्रकारचे पुष्कळ ठोकळे मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. दोन बाय चारचा साधा ठोकळा साधारण २.३ ग्रॅम भरतो, म्हणजे शंभर नग सुमारे २३० ग्रॅम. बारीक टाइली मात्र हातानेच मोजाव्यात.

गोंदाचा सल्ला आम्हाला सर्वांत जास्त खटकला. हे ठोकळे एबीएस प्लास्टिकचे असतात, आणि त्यांची पकड टिकते ती प्लास्टिकच्या लवचीकपणामुळे : स्टड नळी आणि भिंत यांच्यामध्ये शिरताना भिंत किंचित पसरते आणि परत आवळते. चटकन चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद लावला की त्याची वाफ आजूबाजूच्या चकचकीत पृष्ठभागावर पांढरट धुके सोडते, आणि ते पुसून जात नाही. ॲसिटोन असलेला गोंद तर प्लास्टिकच विरघळवतो. लेगोलँडसारख्या उद्यानांत मोठ्या प्रतिकृती चिकटवतात हे खरे, पण त्या पाऊस, वारा आणि लोकांचे हात सोसण्यासाठी उघड्यावर उभ्या असतात. घरातल्या संचाला त्याची गरज नाही. एखादा भाग वारंवार सुटत असेल तर त्याखाली फट आहे किंवा तो भाग तडकला आहे. तो बदलावा. जुन्या संचांत लालसर तपकिरी, गडद तपकिरी आणि गडद लाल रंगाचे भाग विशेष ठिसूळ निघाले आहेत, आणि पातळ क्लिपा कायम ताणाखाली राहिल्या की मधोमध चिरतात. असे भाग काढताना ओढू नयेत, हलवत हलवत सोडवावेत. चिकटवलेल्या संचात यातले काहीच करता येत नाही, आणि तो पुढे विकताही येत नाही.

उन्हाचेही तसेच. अतिनील किरणांनी एबीएस पिवळे पडते. पांढरा आणि फिकट राखाडी यांत ते आधी दिसते, आणि एक बाजू पिवळी, दुसरी पांढरी असा ताजमहाल पुन्हा एकसारखा करणे कठीण जाते. काचेच्या कपाटाने धूळ थांबते, खिडकीतले ऊन थांबत नाही. आतल्या भिंतीला, ट्यूबच्या उजेडात ठेवावे. आपल्याकडच्या घरांत रस्त्याची धूळ, पंखा आणि पाल या तिघांपासून संरक्षण हवे, म्हणून उघड्या फळीपेक्षा बंद कपाट बरे. धूळ झाडायला मऊ, कोरडा रंगाचा ब्रश. फार मळले तर सुटे करून ४० अंशांखालच्या कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावे आणि सावलीत वाळवावे. वॉशिंग मशीन, हेअर ड्रायर, उन्हात वाळवणे, सगळे टाळावे. स्टिकर लावलेले भाग आणि मोटरी पाण्यात घालू नयेत. मे महिन्यात बंद गाडीत बांधलेला संच तासन्‌तास ठेवू नये, ताणाखालचे लांब भाग वाकतात.

पावसाळ्यात ठोकळ्यांना काही होत नाही. बुरशी येते ती खोक्याला आणि पुस्तिकेला. कोकणात आणि मुंबईत खोका सपाट करून, पुस्तिका प्लास्टिकच्या पाकिटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. स्टिकरचा कागद दमट झाला की कडा उचलतात, म्हणून स्टिकर लावायचे काम पावसाळ्यापूर्वी उरकलेले बरे. लावताना पंखा बंद करावा, स्टिकर बोटाऐवजी सेपरेटरच्या धारेवर उचलावा, भागावर साबणपाण्याचा एक थेंब घ्यावा. मग अर्धा मिनिट सरकवून जागेवर आणता येतो, आणि नंतर कापडाने पाणी बाहेर दाबायचे.

स्वस्त नकलांबद्दल आपल्या लेखात एक वाक्य होते, ‘तेच संच निम्म्या किमतीत मिळतात’. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. स्टड आणि नळीच्या ठोकळ्याचे मूळ पेटंट केव्हाच संपले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आणि युरोपीय न्यायालयाने २०१० साली ठोकळ्याच्या आकारावर एकाधिकार देण्यास नकार दिला. त्यामुळे स्वतःच्या रचना आणि स्वतःचे नाव घेऊन ठोकळे विकणाऱ्या कंपन्या पूर्ण कायदेशीर आहेत, आणि त्यांतल्या काहींचा दर्जाही चांगला आहे. दुसऱ्याची रचना, पुस्तिका, खोक्यावरचे चित्र जसेच्या तसे उचलून विकणे हा मात्र गुन्हा आहे. अशा एका मोठ्या टोळीच्या प्रमुखाला शांघायच्या न्यायालयाने २०२० साली सहा वर्षांची शिक्षा दिली. व्यवहारातही अशा संचांत पकड एकसारखी नसते. काही भाग निसटतात, काही निघतच नाहीत. छोट्या संचात ते खपते, पण पाच हजार भागांच्या भिंतीत तो फरक साठत जातो. मुलांसाठी घेत असाल तर १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ते नसलेला खोका घरी आणू नये.

शेवटी एक विनंती. संच बांधून झाला आणि जागा नसेल तर तो उलट्या क्रमाने, पुस्तिकेची पाने मागून पुढे घेत सोडवावा, प्रत्येक टप्प्याचे भाग झिपच्या पिशवीत भरून त्यावर मार्करने टप्प्याचा आकडा लिहावा आणि पुस्तिका त्याच खोक्यात ठेवावी. असा संच दुसऱ्याच्या हाती गेला की तो पहिल्या दिवसासारखाच बांधता येतो. आपल्या वाचकांपैकी ज्या ग्रंथालयांच्या आणि शाळांच्या विश्वस्तांना असे संच पुस्तकांसारखे घरी न्यायला द्यायचे असतील, त्यांना अशा पिशव्या भरून देण्याची, भाग मोजून यादी करण्याची आमची तयारी आहे. तसे कळवल्यास आपल्यामार्फत संपर्क करू. आणि त्या चौकटीतल्या तीन सल्ल्यांची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच टाइपात छापावी.

आपले,
मोठे संच बांधणारे काही वाचक, पुणे